‘दोषी आढळला’ : उत्तेजक-चाचणीची कार्यपद्धती आणि न्याय

इ. स. २०१६ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एका बातमीने मोठी जागा व्यापली होती. मुंबईत वाढलेला, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीचा मान मिळविलेला आणि राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षकपदावर असलेला मल्ल नरसिंग यादव याच्या मूत्राच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले होते. रिओ येथील ऑलिंपिक सामने अवघ्या काही दिवसांवर आले होते. अशा प्रसंगी मराठीत एक शब्दप्रयोग आता रूढ होऊन बसला आहे : खेळाडू उत्तेजक-चाचणीत ‘दोषी आढळला’. इंग्रजीत अशा निष्कर्षास ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधावयाचे होते ते मिळाले. मराठीने मात्र त्याच जागी ‘दोषी’ हा न्यायालयातील शब्द बसविला आणि प्रयोगशाळेच्या टिपणाचे शिक्षापत्र करून टाकले.

वस्तुतः या दोन शब्दांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. नमुन्यात द्रव्य सापडले काय, हा पहिला. त्याचे उत्तर रसायनज्ञाने द्यावयाचे असते. सापडले असल्यास नियमाचा भंग झाला काय, हा दुसरा; त्याचे उत्तर नियमावलीत शोधावे लागते. आणि भंग झाला असल्यास त्यात खेळाडूचा दोष किती, हा तिसरा. त्याचे उत्तर साक्षीपुरावा ऐकून न्यायाधिकरणाने द्यावयाचे असते. उत्तेजकविरोधी नियमांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास म्हणजे हे तीन प्रश्न कधी वेगळे काढण्याचा, तर कधी एकमेकांत मिसळून टाकण्याचा इतिहास होय. नरसिंग यादव याचे प्रकरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कारण एकाच नमुन्यावरून, एकाच नियमावलीच्या आधारे, सतरा दिवसांच्या अंतराने दोन न्यायाधिकरणांनी परस्परविरुद्ध निर्णय दिले.

शरीराला साक्षीस उभे करण्याची कल्पना महाराष्ट्रास नवीन नाही. मराठेशाहीच्या न्यायव्यवस्थेवर वि. त्रिं. गुणे यांचा जो ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात गोतसभा, महजर आणि दिव्य यांचे सविस्तर विवेचन आहे. कागदोपत्री व तोंडी पुरावा अपुरा ठरला की वादी-प्रतिवादींपैकी एकास दिव्य करावे लागे. रवादिव्यात तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावयाचा असे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की या दिव्याची कार्यपद्धती अत्यंत काटेकोर होती. दिव्यापूर्वी हातावर भात चोळून आधीचे वण नोंदवून ठेवावेत, असे याज्ञवल्क्यस्मृतीतच सांगितले आहे. मराठी अमदानीत हात धुवून, नखे काढून त्यावर पिशवी चढवीत व तिला मोहोर करीत. दिव्य झाल्यानंतर पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर, आणि ठरलेल्या दिवशी सभेसमक्ष ती सोडून हाताची पाहणी. शिवाय निर्णय मान्य राहील असा ‘राजीनामा’ उभय पक्षांकडून प्रथमच लिहून घेत. (या शब्दाचा आजचा अर्थ पाहिला म्हणजे भाषेची गंमत वाटते.) मोहोरेची एवढी दक्षता कशासाठी? हाताला कोणी लेप लावू नये, कोणी मुद्दाम इजा करू नये, म्हणून. परंतु ही सारी दक्षता हाताच्या रक्षणापुरती होती. हात भाजला, की मनुष्य ‘खोटा’ झाला. भाजला नाही, तर ‘खरा’. शरीरावरील खूण आणि माणसाचा खोटेपणा यांच्यामध्ये तिसरा प्रश्नच शिल्लक उरत नसे.

आजच्या चाचणीचे शास्त्र अर्थातच निराळे आहे आणि दिव्याशी तिची सरसकट तुलना करणे अन्यायाचे होईल. तथापि मोहोरेचे तत्त्व दोहोंत समान आहे. खेळाडूने नमुना अधिकाऱ्याच्या दृष्टीसमोर द्यावयाचा. तो किमान ९० मिलिलिटर असावयाचा. स्वतःच निवडलेल्या दोन बाटल्यांत तो विभागून, त्या मोहोरबंद करून, त्यांवरील क्रमांक अर्जावर उतरवावयाचे. पहिली बाटली प्रयोगशाळेत तपासली जाते. तीत काही सापडले, तर दुसरी खेळाडूच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समक्ष उघडण्याचा त्याला हक्क आहे. अर्जावर अलीकडे घेतलेल्या औषधांची नोंद करावयाची असते आणि नमुना घेण्याच्या रीतीविषयी हरकत असल्यास ती लिहिण्यास जागा असते. बहुतेक खेळाडू ही जागा कोरी सोडतात. पुढे वाद उत्पन्न झाला, की हीच कोरी जागा त्यांच्या विरुद्ध बोलू लागते.

ही पद्धती एका दिवसात घडलेली नाही. तिचे प्रारंभीचे प्रयोग मुख्यतः व्यावसायिक सायकलपटूंवर झाले. फ्रान्सने १ जून १९६५ रोजी उत्तेजक द्रव्यांविरुद्ध कायदा केला. हा फौजदारी कायदा होता आणि द्रव्याचा उपयोग ‘जाणूनबुजून’ केला असल्यासच तो गुन्हा ठरे. म्हणजे तिसरा प्रश्न त्यात शाबूत होता आणि त्याच्या सिद्धतेचा भार सरकारवर होता. पुढल्याच वर्षी, १९६६ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत, बोर्दो येथे अधिकारी हॉटेलांत शिरले व त्यांनी सायकलपटूंचे नमुने घेतले. दुसऱ्या दिवशी सायकलपटू काही अंतर सायकली हातात धरून पायी चालले. त्यांच्या निषेधात स्वतःचा बचाव किती आणि अवहेलनेची चीड किती, याची विभागणी करणे कठीण आहे. १९६७ च्या सप्टेंबरात झाक आंकतील याने मिलान येथे एका तासात ४७.४९३ किलोमीटर अंतर तोडून विक्रम केला. परंतु तेथेच मैदानावर नमुना देण्यास त्याने नकार दिला आणि तो विक्रम मान्य झाला नाही. नमुना कोठे, कोणासमोर आणि किती वेळात द्यावयाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो; परंतु कार्यपद्धती नावाची वस्तू अशाच क्षुल्लक प्रश्नांतून जन्माला येते.

‘जाणूनबुजून’ या अटीचा पुढे क्रीडासंघटनांना अडथळा वाटू लागला. मनातील हेतू सिद्ध कोण आणि कसा करणार? म्हणून ज्याच्या शरीरात द्रव्य सापडले तो त्यास जबाबदार, असे निरपवाद उत्तरदायित्वाचे तत्त्व पुढे आले. १९८४ साली स्थापन झालेल्या क्रीडा लवाद न्यायालयापुढे क्विग्ली या अमेरिकन नेमबाजाच्या दाव्याचा १९९५ मध्ये निकाल लागला. कैरो येथील स्पर्धेच्या वेळी आजारी पडल्याने त्याने डॉक्टरने दिलेले औषध घेतले होते व त्यात एफिड्रिन होते. लवादाने निरपवाद उत्तरदायित्वाचे तत्त्व तत्त्वतः नाकारले नाही. परंतु नेमबाजी संघटनेच्या नियमांत ते स्पष्ट शब्दांत आलेले नसल्याने खेळाडूच्या बाजूने निकाल दिला. ज्यांनी कठोर नियम करावयाचे आणि जे ते लागू करावयाचे, त्यांनी प्रथम स्वतःशी कठोर असले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे. क्रीडाविषयक न्यायात पुढे तो वारंवार उद्धृत झाला, तो उगीच नव्हे.

१९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था स्थापन झाली आणि १ जानेवारी २००४ पासून तिची संहिता अमलात आली. भारताची राष्ट्रीय संस्था २००५ मध्ये निघाली. मराठी वृत्तपत्रांनी या दोन संस्थांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘वाडा’ आणि ‘नाडा’ अशी नावे रूढ केली. एवढ्या भारदस्त संस्थांना इतकी घरगुती नावे क्वचितच मिळाली असतील! या संहितेतील पुराव्याचे नियम समजल्यावाचून पुढील प्रकरण समजत नाही. प्रयोगशाळेने ठरलेल्या मानकांनुसार काम केले, असे गृहीत धरले जाते. ते मोडावयाचे असेल तर खेळाडूने मानकापासून झालेली विशिष्ट च्युती दाखवावी लागते आणि तिच्यामुळे हा निष्कर्ष निघाला असणे संभवनीय आहे, हेही दाखवावे लागते. तसे झाले तरच सिद्धतेचा भार संस्थेकडे परत जातो. दोष नाही असे म्हणावयाचे असेल, तर द्रव्य शरीरात कसे गेले हे खेळाडूनेच, संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूस झुकेल इतपत, सिद्ध करावयाचे.

या नियमांची कसोटी पुन्हा सायकलपटूंच्याच प्रकरणांत लागली. २००६ च्या ‘तूर द फ्रान्स’चा विजेता फ्लॉइड लँडिस याच्या नमुन्यात कृत्रिम टेस्टोस्टेरॉन सापडल्याचे पॅरिसजवळील प्रयोगशाळेने कळविले. २००७ मध्ये अमेरिकेत लवादासमोर जाहीर सुनावणी झाली. प्राथमिक चाचणी मानकांनुसार झाली नव्हती, हे बहुमतानेही मान्य केले आणि प्रयोगशाळेच्या ढिसाळपणाबद्दल तिला इशारा दिला. तथापि कार्बन समस्थानिकांच्या दुसऱ्या, स्वतंत्र चाचणीच्या आधारे दोन विरुद्ध एक मतांनी नियमभंग कायम राहिला. २००८ मध्ये अपीलही फेटाळले गेले. २०१० मध्ये लँडिसने आपण अनेक वर्षे उत्तेजके घेत होतो, अशी कबुली दिली; मात्र त्या शर्यतीत ते विशिष्ट द्रव्य घेतल्याचे तेव्हाही मान्य केले नाही. या कबुलीमुळे प्रयोगशाळेवरील आक्षेप निरर्थक ठरले, असे अनेकांना वाटले. तो समज बरोबर नाही. आरोपी पुढे अपराधी निघाला म्हणून आधीची ढिसाळ तपासणी नीटनेटकी ठरत नाही. त्याच बाकावर उद्या दुसऱ्या कोणाची बाटली येणार असते.

आल्बेर्तो कोंतादोर याचे प्रकरण आपल्या विषयाशी अधिक निकट आहे. २१ जुलै २०१० रोजी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे द्रव्य सापडले. प्रमाण होते मिलिलिटरमागे ५० पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाच्याही विसावा हिस्सा. दूषित मांसातून ते आले, असे त्याचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये स्पेनच्या सायकल महासंघाने त्याला मुक्त केले. आंतरराष्ट्रीय संघटना व जागतिक संस्था यांनी अपील केले. ६ फेब्रुवारी २०१२ रोजी लवादाने दोन वर्षांची बंदी दिली. मांसाची उपपत्ती लवादाने स्वीकारली नाही आणि रक्तसंक्रमणाचा आरोपही संभवनीय मानला नाही. दूषित पूरक आहारातून द्रव्य आले असणे अधिक शक्य आहे, असे त्याने म्हटले. म्हणजे हेतुपुरस्सर सेवन सिद्ध न होताही शिक्षा झाली. कारण खेळाडूने सांगितलेला मार्ग त्याला सिद्ध करता आला नाही. भारतीय महिला रिले संघातील धावपटूंनाही असाच अनुभव आला होता. २०११ मध्ये त्यांना येथील मंडळाने एक वर्षाची बंदी दिली. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक आहाराचे त्यांचे म्हणणे लवादापुढे टिकले नाही आणि २०१२ मध्ये ती बंदी दोन वर्षांची झाली.

आता नरसिंग यादव. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांतील सुवर्णपदक, २०१४ च्या आशियाई सामन्यांतील कांस्यपदक आणि २०१५ मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेतील कांस्यपदक ही त्याची मोठी कमाई. या शेवटच्या पदकाने भारताला ७४ किलो गटात ऑलिंपिकची जागा मिळाली. दोन ऑलिंपिक पदके मिळविलेल्या सुशील कुमार याने त्या जागेसाठी निवड-लढतीची मागणी केली. ती दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जून २०१६ रोजी फेटाळली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २५ जून रोजी, सोनीपत येथील शिबिरात नरसिंगचा नमुना घेण्यात आला. त्यात मेथॅन्डिएनोन हे स्नायुवर्धक द्रव्य सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही त्याचे अवशेष मिळाले. त्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच द्रव्य आढळले. आपल्या अन्नपेयात कोणीतरी ते मिसळले, असे सांगून नरसिंगने पोलिसांत तक्रार दिली. न्यायालयातील वाद आणि ही तक्रार यांचा संबंध लोकांच्या चर्चेत तत्काळ जोडला गेला. पुराव्याने तो कधीही सिद्ध झालेला नाही, हे येथे स्पष्ट नोंदविणे आवश्यक आहे.

पहिल्या दोन प्रश्नांविषयी वाद नव्हता. बाटल्यांची मोहोर अभंग होती, द्रव्य सापडले होते, नियमाचा भंग झाला होता. सारा वाद तिसऱ्या प्रश्नाचा होता. राष्ट्रीय संस्थेच्या शिस्तपालन मंडळाने १ ऑगस्ट रोजी नरसिंगला संपूर्णपणे मुक्त केले. २ जूनपर्यंत त्याच्या कोणत्याही नमुन्यात काही सापडले नव्हते आणि एकदाच घेतलेल्या द्रव्याचा त्याला लाभ होणे शक्य नव्हते, असे कारण मंडळाने दिले. सर्व खबरदारी घेऊनही प्रतिस्पर्ध्याने घातपात केला असे सिद्ध झाल्यास खेळाडू पूर्णतः निर्दोष समजावा, अशी तरतूद संहितेवरील भाष्यात खरोखरच आहे. परंतु तेथील महत्त्वाचा शब्द ‘सिद्ध’ हा आहे. लाभ झाला नसता, यावरून द्रव्य दुसऱ्याने घातले असे निष्पन्न होत नाही. मनुष्य लाभ नसलेल्या गोष्टीही करतो. मंडळाचा निर्णय सहानुभूतीचा होता, देशात त्याचे स्वागतही झाले. पण त्यातील तर्काची कडी कच्ची होती, असेच म्हणणे प्राप्त आहे.

जागतिक संस्थेने ऑगस्टच्या मध्यास रिओ येथील लवादाच्या तात्पुरत्या विभागाकडे अपील केले. ऑलिंपिकच्या काळात वाद तातडीने मिटावेत, म्हणून १९९६ पासून हा विभाग सामन्यांच्या स्थळीच बसतो आणि चोवीस तासांत निर्णय देण्याचा त्याचा सामान्य नियम आहे. १८ ऑगस्ट रोजी काही तास सुनावणी झाली. मॉन्ट्रियल येथील प्रयोगशाळेच्या क्रिस्तियान आयोत यांनी मत दिले, की पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके होते, की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीने नव्हे, तर एक-दोन गोळ्या तोंडाने घेतल्याने आले असले पाहिजे. घातपाताची हकीकत लवादाने स्वीकारली नाही. खेळाडूचा दोष नव्हता किंवा नियमभंग हेतुपुरस्सर नव्हता, असे दाखविणारा पुरावा नाही, असे त्याने म्हटले आणि त्याच दिवसापासून चार वर्षांची बंदी घातली. २०१५ च्या सुधारित संहितेने अशा द्रव्यांसाठी बंदी दोनाची चार वर्षे केली होती. दुसऱ्या दिवशी होणाऱ्या ७४ किलो गटाच्या लढतींत भारताचा मल्ल उतरला नाही.

लवादाने नियम चुकीचा लावला, असे म्हणता येत नाही. निरपवाद उत्तरदायित्वालाही सबळ कारण आहे. समोरच्या मल्लाने काहीही न घेता वर्षानुवर्षे मेहनत केलेली असते; त्याच्याही न्यायाचा विचार कोणीतरी केला पाहिजे, आणि ‘कोणीतरी मिसळले’ एवढ्या शब्दांवर सुटका होऊ लागली तर चाचणी घेण्यात अर्थ उरत नाही. प्रश्न निराळाच आहे. बाटलीत द्रव्य आहे काय, हे ठरविण्यासाठी मानके आहेत, अधिमान्य प्रयोगशाळा आहेत, मोहोर आहे. द्रव्य शरीरात कसे गेले, हे शोधण्यासाठी मात्र संहितेने खेळाडूवाचून कोणाची नेमणूक केलेली नाही. शिबिरातील स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात नाही, साक्षीदारास बोलावण्याचा अधिकार त्याला नाही, आणि वेळ? कोंतादोर याच्या नमुन्यापासून अखेरच्या निर्णयापर्यंत अठरा महिन्यांहून अधिक काळ गेला. नरसिंगच्या बाबतीत तो चौपन्न दिवसांचा होता. ही घाई सर्वस्वी त्याच्याविरुद्ध होती असेही नाही. ऑलिंपिक गाठावयाचे तर घाई त्यालाही हवी होती. परंतु पोलिसांतील तक्रारीचा तपास पुरा होण्यापूर्वीच, ज्या प्रश्नावर तो तपास चालला होता त्याच प्रश्नावर अंतिम निर्णय झाला. रिओच्या निकालानंतर प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. क्रम उलटा झाला, तो येथे.

यात प्रयोगशाळांकडेही डोळेझाक करून चालत नाही. दिल्ली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेची अधिमान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये मानकांतील उणिवांमुळे स्थगित झाली, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. तोपर्यंत भारतीय खेळाडूंच्या बाटल्या परदेशी जात होत्या. २०२२ मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. राष्ट्रीय संस्था आणि तिची शिस्तपालन व अपील मंडळे त्यामुळे प्रथमच कायद्याच्या पायावर उभी राहिली. झडती व जप्ती यांचे अधिकारही आले. परंतु त्यांचा रोख नियमभंग हुडकण्याकडे आहे, खेळाडूच्या बचावाची शहानिशा करण्याकडे नव्हे. अपील मंडळाच्या स्वातंत्र्याविषयी जागतिक संस्थेने आक्षेप घेतल्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. अशा केंद्रांतील खेळाडू वसतिगृहाच्या एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच टाकीचे पाणी पितात, आणि अधिकारी आला म्हणजे त्याच अर्जावर सही करतात. सोनीपतच्या शिबिरातील व्यवस्थाही याहून फारशी निराळी नव्हती.

नरसिंग यादव याची बंदी ऑगस्ट २०२० मध्ये संपली. त्या वेळी तो एकतीस वर्षांचा होता. डिसेंबरात बेलग्रेड येथील विश्वचषक स्पर्धेत तो पुन्हा ७४ किलो गटात उतरला.